उजवीकडून टांगलेलं आयुष्य

तुम्ही नाटक बघायला आलात आणि मी तुम्हाला दिसलो, तर समजा काहीतरी बिनसलंय. माझी जागा विंगेत, काळोखात, अंगात काळे कपडे. इंग्रजीत या कामाला ड्रेसर म्हणतात. मस्कतला नोकरी लागली तेव्हा मी हे कौतुकाने घरी कळवलं, तर आमच्या मावशीने अख्ख्या कुडाळात सांगत सुटावं, की रघू इस्पितळात लागलाय, जखमा पुसतो म्हणे! गावी गेलो की अजूनही एखादा म्हातारा पायाचं गळू दाखवायला येतो. आता मीही नाही म्हणत नाही, बघतो आणि हळद लाव म्हणून सांगतो.

मराठीत सांगायचं तर मी कपडेपट सांभाळणारा माणूस. मस्कतच्या एका मोठ्या नाट्यगृहात, अमेरातच्या घरातून रोज डोंगर ओलांडून जायचं आणि जगभरातून येणाऱ्या नटांना कपडे चढवायचे नि उतरवायचे, एवढाच धंदा. आता निवृत्त झालोय, म्हणून तोंड उघडतोय.

लोकांना वाटतं, कपडे घालायला माणूस कशाला हवा? अहो, नट एका प्रवेशातून भिकारी म्हणून बाहेर येतो आणि पुढच्या प्रवेशात नवरदेव म्हणून आत जातो. मधे त्याचं काय होतं ते प्रेक्षकाला ठाऊक नसतं. मधे मी असतो. दातात बारीक टॉर्च, छातीवर सेफ्टी पिनांची रांग, खिशात दोरा ओवून ठेवलेल्या सुया. बटणं नुसती दिसायला, खरी जोडणी आतल्या चिकटपट्टीने, चर्रकन ओढली की कोट हातात. नट कितीही मोठा असो, विंगेत आला की त्याचं तान्हं बाळ होतं. पाय उचल म्हटलं की पाय उचलतो, नाक शिंकर म्हटलं तर तेही करील.

माणसं म्हणाल तर नाना तऱ्हेची. एक इटलीची गाणारी बाई होती, देहाने दणदणीत, आवाजाने त्याहून. आधी उजवा बूट घातला तर ती गायचीच नाही, मग साक्षात सुलतान का येईना. एक इजिप्तचा विनोदी नट होता, त्याच्या विजारीची चेन ऐन वेळी बिघडली, तेव्हा मी त्याला विजारीतच शिवून टाकला. प्रयोग झकास झाला, टाळ्या पडल्या, आणि मी आनंदात घरी येऊन भाकरी मोडतोय तोवर हॉटेलातून फोन, ‘‘रघू, मला बाहेर काढ!’’ कात्री घेऊन पुन्हा डोंगर ओलांडला. बायको, सुनंदा, दारातून ओरडली, ‘‘जपून कापा हो, माणूस दुसऱ्या देशाचा आहे!’’

आणखी एक इथली गंमत सांगतो. घामाचा वास घालवायला परदेशातले कपडेपटवाले कपड्यांवर दारू फवारतात. इथे ते जमायचं नाही. माझा जोडीदार सालिम, ओमानातल्याच रुस्ताकचा, रंगमंचावरची हलवाहलव बघायचा. त्याने मला शिकवलं. तीन पायांच्या लाकडी तिकाटण्यावर कपडा पसरायचा, खाली निखाऱ्यावर लुबानचे खडे टाकायचे. लुबान म्हणजे आपल्या धुपाचा थोरला भाऊ समजा. ओमानी माणूस आपला झगा असाच धुरी देऊन घालतो. आमच्याकडे येऊन गेलेल्या कंपन्यांचे पेटारे म्हणे पुढे लंडनला उघडले तरी देवळासारखे दरवळायचे.

तर आता ग्विलिमसाहेबांकडे येतो. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला बसलोय, बाकीचं तोंडी लावणं.

ग्विलिम हे वेल्सचे नट. तिकडे रंगभूमीवर त्यांचं नाव असं, की नुसतं पाटीवर लागलं तरी तिकिटं संपायची. पुढे सिनेमात गेले, तिथेही गाजले. वय ऐंशीच्या पलीकडचं, उंच, वाकलेले, भुवया घराच्या वळचणीसारख्या पुढे आलेल्या. एकट्याचा प्रयोग घेऊन आले होते, स्वतःच्याच आयुष्यावरचा. त्यात सहा कपडे. पहिला वडलांचा जुना तपकिरी कोट. वडील गुरांच्या बाजारात मेंढ्यांचा लिलाव पुकारायचे, त्यांचा तो खराखुरा कोट. मग नाट्यशाळेतला स्वेटर. मग पहिल्या गाजलेल्या भूमिकेतलं सैनिकाचं लाल जाकीट. मग सिनेमातल्या खलनायकाचा काळा लांब कोट. मग बक्षीस घेताना घातलेला पांढरा कोट. आणि शेवटी म्हातारपणी केलेल्या राजाचा झगा, जो उचलताना माझीच कंबर लचकायची. एकेक कपडा विंगेत येऊन चढवायचा, बाहेर जाऊन त्या त्या काळाची गोष्ट सांगायची, अशी मांडणी.

सोबत मुलगी होती, मेगन. तीच सगळं बघायची. चेहरा कायम परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा.

साहेबांचं आणि माझं पहिल्याच दिवशी जमलं, ते भांडणातून. मी त्यांना राजाचा झगा चढवत होतो आणि ते हात काही वर करीनात. मी वैतागलो, आणि वैतागलो की माझ्या तोंडून मालवणीच बाहेर पडतं. ‘‘हात वर कर मरे! मिया काय हंयसर दिवसभर उभो ऱ्हवतलंय?’’

साहेबांनी वळून पाहिलं आणि घशातून खरवडून काढल्यासारखं काहीतरी लांबलचक सुनावलं. मी विचारलं, ही कुठली भाषा? म्हणाले, ‘‘वेल्श. आईची. इंग्रजी मी शाळेत मार खाऊन शिकलो. तुझी कुठली?’’

मी म्हटलं, ‘‘माझीही आईचीच. इंग्रजी मी तुमच्यासारख्यांकडून ओरडा खाऊन शिकलो.’’

हसता हसता त्यांना खोकला लागला. त्या दिवसापासून ठरलं, भांडायचं असेल तर ज्याने त्याने आपापल्या भाषेत. कपडे चढवताना ते वेल्शमध्ये करवादायचे, मी मालवणीत. सालिम दारातून म्हणायचा, ‘‘माशाल्ला, दोनों पागल!’’ साहेब मला ‘रघू बाख’ म्हणायला लागले. बाख म्हणजे त्यांच्यात लाडाने म्हणतात, आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळा म्हणणारं जगात कोण उरलं होतं? मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट मला पहिल्या तालमीतच कळली. साहेब विसरत होते. वडील, बाजार, मेंढ्या, नाट्यशाळा हे सगळं घडाघडा. खलनायकाच्या कोटाशी अडखळायला व्हायचं. पांढऱ्या कोटाशी वाक्यं गळायची. आणि राजाचा झगा अंगावर घेऊन ते नुसते उभे राहायचे. मेगनने त्यांच्या कानात एक बारीक यंत्र बसवलं होतं, ती विंगेतून वाक्य सांगणार आणि त्यांनी म्हणायचं. साहेबांना ते यंत्र म्हणजे कानात शिरलेली गोमच वाटायची. सारखे उपटून टाकायचे.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम. राजाच्या झग्यात साहेब मधोमध आले, तोंड उघडलं, आणि पुढे काहीच नाही. मेगन कानात सांगतेय, सांगतेय. साहेबांनी यंत्र काढलं आणि खिशात टाकलं. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘रघू बाख, मी कोण आहे आत्ता?’’

मी म्हटलं, ‘‘राजा आहात, साहेब.’’

‘‘हो. पण कुठला?’’

रंगपटात आल्यावर मेगनने सांगून टाकलं. रडून नाही, अगदी शांतपणे. ‘‘बाबा, मागच्या शहरात हेच झालं. लोक शिट्ट्या मारत नव्हते, ते दया करत होते. ते मला बघवत नाही. आज तू फक्त खुर्चीत बस, हात हलव. आपण पडद्यावर तुझ्या सिनेमातले तुकडे दाखवू. आणि यानंतर नाही. पुरे झालं.’’

साहेब आरशात बघत बसले. मग म्हणाले, ‘‘एक प्रयोग. शेवटपर्यंत. माझा मी. एवढंच मागतोय.’’

‘‘आणि अडलास तर?’’

तिथून निघून जाणं माझं काम होतं. दोघांच्या मधे कपडेपटवाल्याने तोंड घालायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण माझी जीभ वळवळली. म्हटलं, ‘‘मेगनताई, आमच्या गावात दशावतार असतो. जत्रेतलं नाटक. माझा मामा त्यात होता. त्यात लिहिलेलं एक वाक्य नसतं. गोष्ट ठरलेली, बाकी राजाने काय बोलायचं ते राजाने बघायचं. मामा अडला की समोरचा काहीतरी विचारायचा, मामा त्याला उत्तर द्यायचा, आणि गाडी चालू. अडणं कुणाला कळायचंच नाही.’’

‘‘पण इथे समोर कोणी नाही,’’ मेगन म्हणाली. ‘‘बाबा एकटा आहे.’’

‘‘एकटा कुठे?’’ साहेब एकदम वळले. भुवया वर गेल्या. ‘‘हा आहे की! हा बाहेर येईल. कपड्यांचा स्टँड मंचावर आणा. कपडे लोकांसमोर बदलू. रघू विचारील, मी सांगीन.’’

मी विंगेतला प्राणी, उजेडाचं मला वावडं. म्हटलं, ‘‘साहेब, लोकांसमोर बोलण्याइतकं इंग्रजी मला येत नाही.’’

‘‘मग मालवणीत भांड!’’

मेगनने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, ‘‘पहिल्या वीस मिनिटांत तो अडून थांबला, तर मी पडदा पाडणार. चालेल?’’ साहेब म्हणाले चालेल. मला कुणी विचारलंच नाही.

घाई उडाली. कपड्यांचा चाकांचा स्टँड माझ्या बाजूच्या विंगेतून पलीकडे नेऊन, तिथून मंचावर आणायचा होता. मी इस्त्री करत बसलो होतो, म्हणून ते काम सालिमने अंगावर घेतलं. बिचाऱ्याने मनापासून केलं. एकेक कपडा उतरवला, धुरी दिली, नि पुन्हा ओळीने लावला. ‘‘यल्ला रघू भाई, सब तैयार, नंबर से लगाया. टेन्शन नहीं.’’

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. मंचावर एक आरसा, एक खुर्ची, कपड्यांचा स्टँड, आणि त्याच्याशेजारी मी. समोर काळोखात भरगच्च लोक. माझ्या तोंडात टॉर्च होता. सवयीने! भर उजेडात, लोकांसमोर, दातात पेटता टॉर्च धरून उभा. पहिला हशा मला मिळाला, आणि तो मी न मागता.

साहेब आले. टाळ्या. त्यांनी पाठ करून हात मागे केले, उजेडाने माझे डोळे दिपलेले, मी न बघताच डावीकडून पहिला कपडा काढून त्यांच्यावर चढवला. चढवताना हाताला वजन लागलं. तो तपकिरी कोट नव्हता. राजाचा झगा होता.

सालिम अरबी वाचतो. उजवीकडून डावीकडे. त्याचा पहिला नंबर उजव्या टोकाला. सगळं आयुष्य त्याने उजवीकडून टांगलं होतं, आणि मी आपल्या सवयीने डावीकडून उचललं होतं. साहेबांच्या अंगावर पहिल्याच क्षणी तो कपडा होता, ज्यात ते प्रत्येक वेळी बुडाले होते. आणि विंगेत मेगनचा हात पडद्याच्या बटणाकडे.

मी कुजबुजलो, ‘‘साहेब, चुकलं. काढतो.’’

साहेबांनी झगा चाचपला. आरशात पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, ‘‘मंडळी, आज आपण माझ्या मरणापासून सुरुवात करणार आहोत. म्हणजे पुढे काही वाईट घडायची भीती नाही.’’

लोक हसले. साहेब एक पाऊल पुढे गेले आणि थांबले. तोंड उघडं. तेच. दुपारचंच. राजा कुठला, ते हरवलेलं. सभागृहात कुणीतरी खोकलं.

राजाबद्दल मला काय ठाऊक! मला ठाऊक झगा. मी मोठ्याने म्हटलं, ‘‘साहेब, एक सांगा. याची मागची कड कुणी चावलीय? मी तीनदा शिवली, पुन्हा उसवते.’’

साहेबांनी मागे वळून कड पाहिली, आणि चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘‘कुत्रा! नाटकात कुत्रा होता! राजाने मरायचं आणि त्याने शेजारी निजायचं. पण त्याला झगा आवडायचा. मी मेलेला, आणि तो मला ओढत विंगेत नेतोय! मेलेल्या राजाने काय करावं?’’ असं म्हणून ते आडवे झाले आणि ओढला जाणारा राजा करून दाखवला. त्या वयात! लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. मी त्यांना उठवताना मालवणीत कचकचलो, त्यांनी वेल्शमध्ये प्रत्युत्तर दिलं, आणि कोणाला एक अक्षर न कळता पुन्हा हशा.

मग माझी भीड चेपली. पांढऱ्या कोटाच्या खिशात आतून एक शिवलेला कप्पा होता, तो कशाला म्हणून विचारलं. बक्षीस घेताना बायकोने त्यात सँडविच लपवून दिलं होतं म्हणे, समारंभ लांबला तर उपाशी राहू नये म्हणून. भाषण करताना लोण्याचा डाग बाहेर आला. काळ्या कोटाची एक बाही आखूड का? कारण सिनेमातला खलनायक एका हाताने गळा दाबायचा, तोच हात दिसला पाहिजे. मी कपड्याला विचारायचो, साहेब आयुष्याचं उत्तर द्यायचे.

आणि मला हळूहळू उमगायला लागलं काय होतंय ते. म्हाताऱ्या माणसाचं मन आठवा. सकाळी जेवला का ते आठवत नाही, पण शाळेतल्या बाकावरचं नाव आठवतं. साहेब आपलं आयुष्य रोज सोप्याकडून कठिणाकडे सांगत होते, म्हणून रोज शेवटी बुडत होते. आज सालिमच्या कृपेने ते कठिणाकडून सोप्याकडे चालले होते. प्रत्येक कपड्यागणिक माणूस तरुण होत होता. लाल जाकिटात त्यांनी पाठ ताठ केली. स्वेटर घातला तेव्हा मी प्रश्न विचारायच्या आधीच बोलायला लागले. मी विंगेकडे पाहिलं. मेगनचा हात बटणावर नव्हता, तोंडावर होता.

शेवटी राहिला तपकिरी कोट. तो मी चढवला आणि बाजूला झालो, कारण आता माझी गरज नव्हती. साहेब खुर्चीवर चढले. मी धरायला धावलो, त्यांनी हातानेच थांबवलं. आणि वडलांच्या आवाजात, वेल्शमध्ये, मेंढ्यांचा लिलाव पुकारायला सुरुवात केली. काय तो आवाज! एका श्वासात किती शब्द, त्याला ताल, मधेच आरोळी, मधेच खालच्या पट्टीत गिऱ्हाइकाला चुचकारणं. बोट उगारून प्रेक्षकांतल्या एकाला विचारलं, तर पुढच्या रांगेतला डोईला मसार बांधलेला ओमानी शेख उत्साहाने हात वर करून बसला. त्याहून चढा आकडा मागून कुणी मल्याळी ओरडला. सगळं सभागृह बाजार झालं. नसलेल्या मेंढ्यांवर बोली लागायला लागली.

मलाही राहवेना. सावंतवाडीच्या बाजारात मी लहानपणी उभा राहिलोय हो! ओरडलो, ‘‘ह्यां मेंढरू खंयचां, ह्यां तर हाडांचां गाठोडां!’’

साहेबांनी तुच्छतेने माझ्याकडे पाहिलं, वेल्शमध्ये माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि मेंढी शेखाला देऊन हात आपटला. विकली गेली! खलास!

लोक उभे राहिले. प्रयोग संपला होता. शेवटपर्यंत. त्यांचा त्यांनी. कानातलं यंत्र कुठल्या खिशात होतं देव जाणे.

मेगन विंगेतून बाहेर आली, नियम वगैरे विसरून. बापाला खुर्चीवरून उतरवलं आणि म्हणाली, ‘‘आजोबांचा हा आवाज तू मला कधीच ऐकवला नव्हतास.’’ साहेब म्हणाले, ‘‘तू नेहमी शेवटच्या भागाच्याच काळजीत असायचीस.’’

तो त्यांचा अखेरचा प्रयोग ठरला. ते त्या दोघांनी हसत हसत ठरवलं, दुसऱ्या दिवशी, सालिमने आणलेला ओमानी हलवा दातांना चिकटवून घेत. मला एकच रुखरुख आहे. त्या दिवशी सुनंदा आली नव्हती. विंगेतल्या नवऱ्याला काय बघायचं, म्हणून घरी राहिली. आता म्हणते, तुम्ही थापा मारता.

पण टाळ्या चालू होत्या, तिथे परत जातो.

साहेबांनी हात वर करून लोकांना शांत केलं. मला दंडाला धरून पुढे ओढलं. म्हणाले, ‘‘आणि हा माझा...’’

पुढे येईना. ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. ‘रघू’ एवढंच तर होतं, दोन अक्षरं, पण ती कुठेतरी गेली होती. मेगन कुजबुजायला पुढे झाली. त्यांनी तिला थांबवलं. 

मग त्यांनी अंगातला वडलांचा कोट उतरवला. झटकला. कॉलरला धरला, माझ्या मागे गेले आणि तो उघडून माझ्यासाठी धरला.

जन्मभर दुसऱ्यांना कपडे चढवले. माझ्यासाठी कुणी कधी कोट धरला नव्हता. मी हात मागे केला आणि मला बाही सापडेना. सभागृह उभं, टाळ्या, हशा, आणि मी भर उजेडात लहान पोरासारखा मागे चाचपडतोय.

साहेब माझ्या कानाशी वाकले.

‘‘सावकाश, बाख,’’ ते म्हणाले. ‘‘मी धरलाय.’’